पोळ्याच्या करीला बोकडाची अख्खी मांडी कोळशावर भाजली, त्याची पूर्ण हकीकत

हे लिहून ठेवायचं कारण असं की मी जेव्हा शोधून राहिलो होतो तेव्हा खेड्यात बसून मोठा तुकडा कसा भाजायचा हे मराठीत सांगणारं मला काही भेटलं नाही. जे भेटलं ते सगळं बाहेरदेशातलं, ख्रिसमसला बीफचा चार-पाच किलोचा रोस्ट, मोठी ग्रिल, आणि आतून गुलाबी राहिला की झाला. आमच्या कोठ्यात बैलजोडी आहे, पोळ्याला तिची पूजा होते, आणि राज्यात बैल-वळू कापायलाही २०१५ पासून कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे बीफचा विषयच नव्हता. पण पद्धत डोक्यात बसली होती. इस्तो, म्हणजे पेटलेले निखारे, एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, वरून झाकण, आणि तासनतास कोणी उगाच हात लावायचा नाही. म्हटलं बोकडाच्या मांडीवर हे व्हायला काय हरकत आहे. झालं, आणि चांगलं झालं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला, इथं ग्रिल विकत भेटत नाही, कोळसा शोधावा लागतो, लाईन कधी जाईल सांगता येत नाही. अशा ठिकाणी काय काय जुळवावं लागते ते सुरुवातीपासून सांगतो, खर्चासकट.

२०२५ च्या जुलैमध्ये आखाडीला सगळे घरी जमले होते, तिथंच मी विषय काढला की पोळ्याच्या करीला नेहमीच्या रश्श्यासोबत एक अख्खी मांडी भाजून पाहू. बाबा म्हणाले, "वरून जळते आन आतून कच्ची राहते बाबू, जागलीवर पोट्ट्यायनं करून पाह्यलं हाय." आजीचा मुद्दा वेगळा, "रसा झालाच पाह्यजे. भाकर कायच्यासंगं खाणार?" दोघांचंही बरोबर होतं. म्हणून ठरलं असं की बारा-तेरा माणसांना पुरेल एवढा रसा होणारच, मांडी त्याच्यावरून. सणाच्या दिवशी नवीन काही करायचं असेल तर मुख्य जेवणाचा भार त्याच्यावर टाकू नका एवढं मी नक्की सांगेन, करणारा मोकळ्या मनानं करतो आणि उशीर झाला तरी लेकरं उपाशी राहत नाहीत.

मग कॅलेंडर पाहिलं तर पोळा २२ ऑगस्टला शुक्रवारी, म्हणजे कर शनिवारी. ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी, श्रावण पाळणारी घरं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मटण करतात, नागपुरात त्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते आणि आमच्या खेड्यात दुपारपासून घराघरातून फोडणीचा वास येते. पण आजी शनिवार पाळते, मारुतीचा वार. तिनं सरळ सांगितलं, "शनवारी घरात मटन येनार नाई, शिजवनं तं दूरच." त्यात शनिवारी दुपारपर्यंत अमावास्या. म्हणून आमच्या घरची कर रविवारी २४ तारखेला ठरली. आधी मला वाटलं आता सगळं जुळवणं अवघड जाईल, पण खरं सांगतो, या एका दिवसाच्या फरकानंच मांडी नीट शिजली, ते पुढं येईलच.

पहिलं काम ग्रिलचं. २०० लिटरचा लोखंडी ड्रम आडवा ठेवून लांबीत मधोमध कापून बनवायचा होता. भंगारात ड्रम स्वस्त भेटतात पण त्यातले बरेचसे केमिकलचे नाहीतर फवारणीच्या औषधाचे असतात, आणि आमचा कापसाचा पट्टा असल्यानं तसे जास्तच. तो ड्रम कितीही धुतला, जाळला तरी खायच्या कामाला घेऊ नका. फवारणीच्या विषानं माणसं कशी जातात ते आमच्या जिल्ह्यानं २०१७ मध्ये पाहिलं आहे, त्यात गंमत नाही. मी तालुक्याला फरसाण बनवणाऱ्याकडून खाद्यतेलाचा ड्रम आणला, ८०० रुपये. सोडा टाकलेल्या गरम पाण्यानं धुतला आणि मग वेल्डिंगवाल्याकडे टाकला.

वेल्डिंगवाल्यानं एक गोष्ट चांगली केली, कापायच्या आधी ड्रम आडवा ठेवून कटाच्या खालपर्यंत पाणी भरलं. बंद ड्रमात तेलाची वाफ राहिलेली असली आणि ठिणगी पडली तर ड्रम फुटू शकतो, म्हणून घरच्या घरी ग्राइंडर चालवू नका. वरच्या अर्ध्याला दोन कब्जे, उघडायला लाकडी मूठ, खाली दोन्ही टोकांना हवा घ्यायला भोकं, झाकणावर धूर जायला एक भोक आणि त्याच्यावर सरकवता येईल अशी पत्री. जाळी ८ एमएमच्या साध्या लोखंडी सळ्यांची करून घेतली. बाजारात पांढरी चमकणारी तयार जाळी भेटते ती घेऊ नका, तिच्यावर जस्ताचा मुलामा असते आणि तापल्यावर त्याचा धूर निघतो, तो छातीत जाऊ नये आणि मटणावर तर नाहीच नाही. वेल्डिंगवाल्याचे सगळे मिळून २,२०० रुपये झाले, ड्रमचे वेगळे. वेळ मात्र लागला, कारण तो हंगाम डवऱ्यांचा, शेतकऱ्यांची अवजारं आधी, माझा ड्रम मागे, आणि ते योग्यच होतं. पंधरवडा धरूनच चला. घरी आणल्यावर रिकाम्या ड्रमात मोठा जाळ करून दोन तास तापवला, वरचा रंग सगळा जळून गेला, मग गरम असतानाच फल्लीतेलाचा हात फिरवला.

दुसरं, मांसात खुपसायचा थर्मामीटर. याच्याशिवाय मी हे काम करायला सांगणार नाही, कारण बाबांची जी शंका होती, वरून जळलं आतून कच्चं, तिचं उत्तर हा थर्मामीटरच आहे. ऑनलाइन ६४९ ला भेटला. आमच्या पिनकोडला कॅश ऑन डिलिव्हरी नव्हती, आधी पैसे भरावे लागले, आणि मेसेज आला की पार्सल तालुक्यातून येऊन घेऊन जा. सण जवळ आला की कुरिअर लांबते म्हणून ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात ऑर्डर टाकली होती, आठवडाभरात आला. आल्या आल्या तपासून घ्या. भरपूर बर्फ टाकलेल्या पाण्यात शून्याच्या जवळ आणि उकळत्या पाण्यात शंभरच्या जवळ दाखवला पाहिजे. आमच्याकडे उकळत्यात ९८ च्या थोडा वर दाखवला, यवतमाळकडचा भाग उंचावर आहे त्यामुळे पाणी थोडं आधीच उकळते, म्हणजे थर्मामीटर बरोबर होता.

आता आकडा कोणता धरायचा हे समजून घ्या, कारण इथंच बाहेरचे व्हिडिओ आपल्याला चुकीच्या रस्त्यानं नेतात. बीफचा जो महाग रोस्ट असतो तो पाठीकडचा, मऊ भाग, तो लोक ५५ अंशाच्या आसपास काढतात आणि आतून गुलाबी खातात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला अख्ख्या तुकड्यासाठी ६३ अंश आणि वरून तीन मिनिटं थांबणे असा आहे, बीफला तोच आणि बकऱ्यालाही तोच. पण ६३ ला मांस खायला सुरक्षित झालं म्हणजे मऊ झालं असं नाही. आपलं गावरान बोकड दिवसभर चरायला फिरते, त्याच्या मांडीत शिरा आणि चिवट पापुद्रे असतात, ते विरघळायला जास्त उष्णता आणि वेळ दोन्ही लागते. ६३ ला काढली असती तर दातानं ओढत बसलो असतो. मी ८८ ते ९० धरून चाललो.

बोकड आम्ही पाच घरांनी मिळून घेतलं. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तालुक्याच्या बाजारातून आणलं, करीमुळे भाव चढलेलाच होता, १०,००० ला बसलं. बदामी रंगाचं, आपल्या वऱ्हाडातलं बेरारी, ज्याला गावात नुसतं गावरानी म्हणतात. मोठा तुकडा भाजायचा असेल तर वय पाहणं महत्त्वाचं. तोंड उघडून पाहा, समोरचे सगळे दुधाचे बारीक दात असतील तर वर्षाच्या आतलं आहे, मधले दोन मोठे दात आले असतील तर वर्ष उलटलं. रश्श्याला दोन दाती चालते, भाजायला दुधाच्या दाताचंच घ्या, आणि खच्ची केलेलं भेटलं तर वास कमी. बाजारात पावती फाडून घ्यायला विसरू नका. खिडकीवर गर्दी असते, जेवणाच्या सुट्टीत बंद होते, आमचा तासभर गेला, घेणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं आधार मागितलं, पण पावतीवर दोघांची नावं, गावं, जनावराचं वर्णन, रक्कम सगळं येते. आमच्याकडे बकऱ्या चोरीला जायचं प्रमाण वाढलं आहे, रस्त्यात कोणी गाडी थांबवून विचारलं तर हाच कागद दाखवता येते. विकणारा "कायले पाह्यजे पावती" म्हणेल, तरी घ्या.

शनिवारी, २३ तारखेला, अमावास्या संपल्यावर दुपारी खाटीककाका आले. त्यांची मजुरी ५००, म्हणजे सगळं मिळून एका हिश्श्याला २,१०० आले. पाचपैकी तीन घरं त्याच संध्याकाळी खाणार होती, त्यांचे हिस्से लगेच गेले. काकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की मागची एक मांडी अख्खी पाहिजे, नळीचं हाड न तोडता, नुसता खालचा पाय गुडघ्यापासून काढायचा आणि वरचं कमरेचं हाड सोडवून द्यायचं. हे आधी सांगितलं नाही तर त्यांचा हात सवयीनं चालतो आणि बघता बघता बारीक तुकडे पडतात. मटणाच्या दुकानातून घेणार असाल तर रान, म्हणजे मागची मांडी, अख्खी ठेवा म्हणून सांगा आणि दोन-तीन दिवस आधी ॲडव्हान्स द्या, करीच्या दिवशी पहाटेपासून रांग असते, तेव्हा कोणी ऐकत नाही. मांडी भरली दोन किलो शंभर ग्रॅम, बाकीचा माझा हिस्सा मानेचा आणि चापाचा, तो रश्श्याला.

काकांकडून अजून एक गोष्ट मागून घेतली, पोटातली चरबीची जाळी. पातळ, पांढरी, लुगड्याच्या पदरासारखी पसरते. एरवी वजडीसोबत जाते नाहीतर कुत्र्याला पडते. गावरान बोकडाच्या मांडीवर चरबी जवळजवळ नसतेच, चार तास गरम हवेत ठेवली तर वाळून लाकूड होईल, म्हणून वरून ही जाळी गुंडाळायची होती. तिला हळद-मिठाच्या कोमट पाण्यात धुवून डब्यात ठेवली.

आता मांडी रात्रभर ठेवायची कुठं, कारण आजीचा शनिवार. शेजारच्या मित्राकडे फ्रीज आहे आणि त्यांच्याकडे शनिवारीच होतं, वहिनींना आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं, त्यांनी खालचा कप्पा रिकामा करून दिला. इथं एक समजण्यासारखी गोष्ट आहे. खेड्यात आपण बोकड कापलं की तासाभरात चुलीवर चढवतो, तुकडे बारीक असतात, पाणी भरपूर, त्यामुळे चालून जाते. पण कापल्यावर काही तासांत मांस आखडते, ताठ होते, आणि तशात अख्खा तुकडा भाजला तर तो चिवटच राहणार. ते सैल पडायला रात्र जाऊ द्यावी लागते. आणि ताजं गरम मांस थेट फ्रीझरमध्येही टाकू नका, एकदम गारठलं की अजून जास्त आखडते आणि मग सैल होत नाही. आम्ही ओल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळून पंख्याखाली सावलीत ठेवली, ऊन नव्हतं, ढगाळ होतं, तरी दोन तासांच्या वर बाहेर ठेवली नाही, मग खालच्या कप्प्यात. लाईन गेली तर म्हणून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बाजूला लावून ठेवल्या. रात्री लाईन गेली, तासाभरात आली, बाटल्यांमुळे काही फरक पडला नाही.

फ्रीजमध्ये ठेवायच्या आधी वरचा चिवट पापुद्रा सुरीनं सोलून काढला आणि मीठ लावलं, ३५ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. मीठ आदल्या दिवशीच लावा, ते आत उतरायला वेळ घेते, मसाला काही आत जात नाही, तो वरच राहतो, कितीही चिरा मारा. कच्ची पपई पुष्कळ जण लावायला सांगतात. मी लावली नाही. ती वरचाच थर पिठासारखा करते आणि आतल्या हाडापाशी तिचा उपयोग नाही, तुकड्यांच्या मटणाला ठीक आहे.

मसाला आईनं केला. धणे, जिरं, मिरे, लवंग, दालचिनी, मसाला विलायची, दगडफूल, थोडं जायपत्री, सगळं तव्यावर कोरडं भाजून, आणि भिवापुरी मिरची. त्याला आलं-लसूण, घट्ट दही, फल्लीतेल. खसखस आणि भाजलेलं सुकं खोबरं वेगळं वाटून ठेवलं, कारण खोबरं आधीपासून लावलं तर ते कोळशावर काळं पडून कडू होते, ते शेवटच्या वीस मिनिटांत लावायचं. जवसाचं तेलही आई शेवटीच म्हणाली, ते जास्त तापवलं की त्याची चव बिघडते.

रविवारी पहाटे मांडी घरी आणली, मसाला चोळला, वरून चरबीची जाळी गुंडाळली आणि तासभर बाहेर ठेवली.

कोळसा बाभळीचा, आठ किलो, ५० रुपयांनी, लोहाराकडून. पावसाळ्यात कोळसा हवेतलं पाणी ओढून घेते, पोत्यातून काढून थेट पेटवला तर तडतडते, धूर करते आणि तापत नाही. चार-पाच दिवस आधी आणून चुलीच्या बाजूला पसरून ठेवला होता. पेटवायला तुराट्या. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या, घेतल्या नाहीत, त्यांच्यावर हंगामभर फवारणी झालेली असते. रॉकेल, पेट्रोल अजिबात नको, जीवाला धोका आहेच, वर वास मांसाला लागते. ड्रम सपरीच्या बाहेर, चारी बाजूंनी उघड्या टिनाच्या शेडखाली ठेवला, कोठा आणि कडबा दुसऱ्या टोकाला, वारा पाहून. कोळसा बंद खोलीत पेटवू नका हे सांगायलाच पाहिजे, त्याचा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि माणूस झोपल्या जागी जातो.

साडेआठला मांडी चढवली. पेटलेले कोळसे ड्रमच्या उजव्या टोकाला, मांडी डाव्या टोकाला, जाड बाजू इस्त्याकडे. मांडीच्या खाली जुनी परात, तिच्यात पाणी आणि चार फोडलेले कांदे, टपकणारी चरबी तिच्यात पडली पाहिजे, कोळशावर पडली की भडका उडते आणि काजळी बसते. झाकण बंद, वरची पत्री अर्धी उघडी. आत साधारण १५० अंश राहिले पाहिजे. झाकणावर मीटर नसेल तर आजीची रीत सांगतो, झाकण उघडून मांसाच्या उंचीवर तळहात धरायचा, पाच-सहा सेकंद सोसवला तर बरोबर, दोनच सेकंदात काढावा लागला तर धग जास्त. ती गोवऱ्यांवर रोडगे भाजताना असंच पाहते. ती सकाळी ड्रमजवळ यायलाही तयार नव्हती, रोडग्यांचा विषय निघाला तशी खुर्ची घेऊन येऊन बसली आणि शेवटपर्यंत इस्तो तिनंच सांभाळला. "जाळ नको पाहू, राख पाह्य. राख पांढरी धरली की दोन कोयसे टाक." त्याप्रमाणे पाऊण-पाऊण तासानं आठ-दहा कोळसे टाकत होतो, पण कच्चे नाही, बाजूला चुलीवर रसा होताच, तिथंच कोळसे लाल करून चिमट्यानं आणायचे. कच्चा कोळसा टाकला की आधी तापमान पडते आणि धूर होते.

तासाभरानं पहिल्यांदा झाकण नीट उघडून पाहिलं. चरबीची जाळी जिथं जाड होती तिथं अजून पांढरी होती, पातळ धागे वितळून मसाल्यात मुरले होते आणि त्यांच्या खुणा मांडीवर उमटल्या होत्या, तांबूस चौकडी. त्या चौकडीच्या मधून बारीक बुडबुडे येत होते, एक थेंब घरंगळत नळीपर्यंत यायचा, तिथं थांबायचा, आणि परातीत पडायचा. थर्मामीटर सगळ्यात जाड ठिकाणी, हाडाला न टेकवता खुपसायचा, हाडाला टेकला तर आकडा चुकीचा येते. ४१ दाखवला. लगेच झाकण लावलं. झाकण उघडलं की धग जाते आणि परत यायला दहा मिनिटं लागतात, त्यामुळे लेकरांना, पाहुण्यांना सगळ्यांना सांगून ठेवा.

दहाच्या सुमारास पाऊस आला. जोराचा. शेडमुळे मांडीला काही नाही पण थंड वाऱ्यानं ड्रमचा पत्रा गार पडायला लागला, म्हणून वाऱ्याच्या बाजूला जुना टिनाचा पत्रा आडवा लावला आणि खालचं भोक पूर्ण उघडलं. पावसाळ्यात कोळसा दीडपट धरा.

पावणेअकराला ६८ झालं आणि तिथंच अडकलं. अर्धा तास गेला, ६९. कोळसा चांगला लाल होता, पत्रा तापलेला होता, तरी आकडा हालत नव्हता. याबद्दल वाचलेलं होतं म्हणून धीर होता, नाहीतर कोणीही जाळ वाढवेल. होते असं की मांसातलं पाणी वर येऊन वाफ होते आणि ती वाफ जाताना उष्णता घेऊन जाते, त्यामुळे जेवढी धग देतो तेवढी वाफेतच जाते. मोठ्या तुकड्याला हे होतेच. यावर उपाय झाकून टाकणं. आम्ही पळसाची ताजी पानं धुवून ठेवली होती, मांडीवर परातीतलं दोन पळी पाणी शिंपडून पानांत गुंडाळली आणि वरून ॲल्युमिनियम फॉइल दुहेरी. केळीची पानंही चालतील. गुंडाळल्यावर वाफ आतच राहिली आणि आकडा परत चढायला लागला, १२ वाजता ७९, पाऊण वाजता ८७.

या दोन तासांत घरात अस्वस्थता असते, ती तयारीत धरा. मामा-मामी साडेबाराला आले, लेकरांना भूक लागली. आईनं लेकरांना भाकर आणि रसा आधीच वाढून टाकला. परातीतलं कांद्याचं पाणी गाळून आजीनं मागून घेतलं आणि रश्श्यात ओतलं, मी सांगितलंही नव्हतं, आणि रश्श्याची चव त्यानं खरंच वेगळी झाली. रसा करणार असाल तर ते पाणी फेकू नका.

८७ ला फॉइल आणि पानं काढली, खोबरं-खसखशीचं वाटण लावलं, इस्तो थोडा जवळ ओढला आणि वीस मिनिटं उघडी भाजली. ९० झालं. तोपर्यंत नळीवरचं मांस दोन बोटं वर सरकून हाड उघडं पडलं होतं, थर्मामीटरच्या आकड्यासोबत शिजल्याची ही खूणही पाहा, आणि सुरी घातली तर अडत नाही. मग खाली उतरवून स्वच्छ फॉइल सैल झाकून अर्धा तास तशीच ठेवली. लगेच कापली तर सगळा रस पाटावर वाहून जाते. हा अर्धा तास सगळ्यात अवघड, पण पाळा.

पावणेदोनला कापली. धाग्याच्या आडवं कापायचं, उभं नाही, धागे आखूड पडले की तोंडात विरतात. हाडाजवळचं मांस सुरीशिवाय सुटलं. बाबांनी पहिला तुकडा हाडाजवळचाच मागितला, दाबून पाहिला, म्हणाले, "शिजलं हाय." दुसरा मागितला. आजीचे दात नाहीत, तिला आतलं मऊ मांस रश्श्यात कुस्करून दिलं, तिनं दोनदा घेतलं. वरचा थर, खोबरं आणि चरबीचा, तो कुरकुरीत झाला होता आणि त्याच्यासाठी लेकरांत भांडण झालं, पुढच्या वेळी वाटण जास्त करायचं. जवसाचं तेल आईनं प्रत्येकाच्या ताटात वरून थेंबभर सोडलं. सोबत ज्वारीची भाकर, कांदा, लिंबू, भात. तेरा जणांत मांडी पुरली, म्हणजे प्रत्येकाला तीन-चार काप, पोट भरायचं काम रश्श्यानंच केलं.

खर्च सांगायचा तर ड्रम आणि वेल्डिंग ३,०००, थर्मामीटर ६४९, हे एकदाच. बोकडाचा हिस्सा २,१००, कोळसा ४००, मसाला-दही-फॉइल धरून अंदाजे ३५०. ड्रम दोन-तीन घरांनी मिळून केला तर अजून परवडते, वर्षातून चार-पाच वेळाच लागते.

राहिलेलं हाड आणि कापताना पडलेला चुरा दुसऱ्या दिवशी सकाळी उकळून त्याचं पाणी काढलं आणि त्यातच भात टाकला. त्याच दिवशी संपवलं कारण २७ ला गणपती बसणार होते आणि त्याआधी आईला स्वयंपाकघर, फ्रीज, भांडी सगळं धुवून काढायचं होतं. शेजारच्या वहिनींच्या फ्रीजचा कप्पाही मी जाऊन पुसून दिला, कोणाकडे ठेवाल तर हे कराच, पुढच्या वेळी परत विचारता येते.

ड्रमची राख पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशीच काढा, वरून पांढरी दिसली तरी आत निखारा जिवंत असते आणि आपल्याकडे उकिरड्याशेजारीच कडबा असते. जाळी गरम असताना तारेच्या ब्रशनं घासायची, ब्रशची तार तुटून जाळीला चिकटली नाही ना हे फडक्यानं पुसून पाहायचं, मग तेलाचा हात. दसऱ्यानंतर कोणाला करायचं असेल तर ड्रम आणि थर्मामीटरचं आधीपासूनच लावून ठेवा, वेल्डिंगवाला तेव्हा सोयाबीनच्या हंगामात अडकलेला असेल. आणि मांडी अडीच किलोच्या वर असेल तर चार नाही, पाच-साडेपाच तास धरून सकाळी सातलाच इस्तो लावा.